सीईटी राहू द्या, तिची तयारी वर्गात आणा

दहावीचा निकाल लागला की सातारा-सांगलीतल्या घराघरांत आधी क्लास ठरतो आणि कनिष्ठ महाविद्यालय मागाहून. ज्यांची ऐपत आहे ते पुणे, लातूर किंवा थेट कोटा गाठतात. मधल्या फळीतले सांगली, कराड किंवा साताऱ्यात खोली घेऊन राहतात. उरलेले दहिवडी, जत, आटपाडी, पाटण इथे जवळच्या महाविद्यालयात नाव घालतात. दोन वर्षांनी ही सगळी मुले एकाच पद्धतीच्या परीक्षेला बसतात आणि पर्सेंटाइलच्या एकाच यादीत त्यांचा क्रम लागतो. निकाल पाहिला की ग्रामीण पालकांचा रोष साहजिकच परीक्षेवर निघतो: ही सीईटी शहरातल्या मुलांसाठी आहे, ती बंदच करा. हा रोष खरा आहे, पण तो चुकीच्या ठिकाणी निघतो आहे असे मला वाटते. परीक्षेत अन्याय नाही. परीक्षा जे मोजते ते शिकवण्याचे काम शासनाने अनुदानित वर्गांतून सुटू दिले आणि बाजाराच्या हवाली केले, हा अन्याय आहे. सीईटी रद्द केल्याने तो दूर होणार नाही. तिची तयारी अकरावी-बारावीच्या रोजच्या वेळापत्रकात परत आणली तरच होईल.

आधी ही परीक्षा नेमकी काय मागते ते पाहू. अभियांत्रिकीसाठीच्या गटात भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राचे प्रत्येकी ५० प्रश्न मिळून ९० मिनिटांत सोडवायचे, म्हणजे एका प्रश्नाला एक मिनिटही मिळत नाही. गणिताच्या ५० प्रश्नांना पुन्हा ९० मिनिटे. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. सुमारे ८० टक्के भर बारावीवर आणि २० टक्के अकरावीवर, आणि सारे प्रश्न राज्य मंडळाच्याच अभ्यासक्रमावरचे. शेती आणि औषधनिर्माणशास्त्राकडे जाणारी मुले गणिताऐवजी जीवशास्त्राच्या गटातून बसतात. कागदावर पाहिले तर ग्रामीण मुलाला याहून सोयीची परीक्षा असू शकत नाही, कारण बालभारतीचे जे पुस्तक त्याच्या दप्तरात आहे तेच परीक्षेचे पुस्तक आहे. पण त्याच पुस्तकावर राज्य आणखी एक परीक्षा घेते, ती बारावीची. तिथे भौतिकशास्त्राचा लेखी पेपर ७० गुणांचा असतो, त्याला तीन तास असतात, आणि गुण मिळतात ते पायऱ्या लिहून उत्तर सिद्ध केल्याबद्दल. प्रात्यक्षिकांना ३० गुण वेगळे. एक परीक्षा म्हणते सावकाश, नीट मांड. दुसरी म्हणते मांडू नकोस, चार पर्यायांतले तीन कसे बाद होतात ते पटकन बघ. दोन्ही कौशल्ये उपयोगाची आहेत. मात्र कनिष्ठ महाविद्यालयाचा वर्ग फक्त पहिल्या परीक्षेसाठी चालतो आणि मुलाचे भवितव्य बहुतांशी दुसरीवर ठरते. अभियांत्रिकीच्या प्रवेशात बारावीच्या गुणांना पात्रतेपुरतीच किंमत उरली आहे. खुल्या प्रवर्गाला संबंधित विषयांत ४५ टक्के आणि मागास प्रवर्गांना ४० टक्के मिळाले की बारावीचे काम संपले.

या दोन परीक्षांमधल्या दरीला धनी कोणी नाही, कारण त्या दोन वेगळ्या खात्यांच्या आहेत. कनिष्ठ महाविद्यालये आणि बारावीचे मंडळ शालेय शिक्षण विभागाकडे, तर सीईटी कक्ष उच्च व तंत्रशिक्षण विभागाकडे. शालेय शिक्षण विभाग म्हणतो, आमचा निकाल नव्वद टक्क्यांवर लागला. तंत्रशिक्षण विभाग म्हणतो, आम्ही पारदर्शक यादी लावली. मधली दरी पालक भरून काढतात, आणि ती उसाच्या बिलातून, सोसायटीच्या कर्जातून किंवा दागिने गहाण ठेवून भरली जाते. शासनाला हे उमगलेले नाही असे म्हणता येत नाही. जुलै २०२४ मध्ये शासनाने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले. निर्णय चांगला आहे, त्याचे स्वागतच केले पाहिजे. पण माणमधल्या मुलीच्या वाट्याला ही माफी येते ती प्रवेश मिळाल्यानंतर. चांगल्या महाविद्यालयाच्या दारापर्यंत पोहोचायची दोन वर्षे मात्र तिने स्वखर्चाने काढायची असतात. घरात एकाच क्लासची फी भरण्याइतका पैसा असेल तर तो बहुतेक वेळा भावासाठी खर्च होतो, हे ग्रामीण भागात राहणाऱ्या कोणालाही सांगावे लागणार नाही.

यावर पहिला आणि सर्वांत जोरदार आक्षेप असा की, मग परीक्षाच नको. बारावीच्या गुणांवर प्रवेश द्या, तमिळनाडूने दिले तसे. तमिळनाडूने अभियांत्रिकीची प्रवेश परीक्षा २००७ पासून बंद केली, हे खरे. नीटचा तिथला अनुभवही बोलका आहे. न्यायमूर्ती ए. के. राजन समितीने २०२१ मध्ये दाखवून दिले की नीट येण्यापूर्वी वैद्यकीय प्रवेशांत तमिळ माध्यमाच्या मुलांचा वाटा सुमारे १५ टक्के होता आणि नीटनंतर तो दोन-तीन टक्क्यांच्या आसपास घसरला. हा पुरावा माझ्या मताविरुद्ध जातो असे वाटेल, म्हणून तो नीट वाचायला हवा. तमिळनाडूच्या मुलांनी बारा वर्षे वाचलेले पुस्तक एक आणि नीटच्या अभ्यासक्रमाचे मूळ दुसरीकडे, दिल्लीत. राज्य सरकारला त्या परीक्षेचा एक प्रश्नही बदलता येत नव्हता. एमएचटी-सीईटीची स्थिती याच्या उलट आहे. पुस्तक आपले, मंडळ आपले, परीक्षा कक्ष आपला, त्यामुळे दुरुस्तीही आपल्याच हातात आहे. आणि केवळ बारावीच्या गुणांवर जायचे तर राज्य मंडळ, सीबीएसई आणि आयसीएसई यांचे गुण एका मापाने कसे मोजायचे, हा प्रश्न उभा राहतो. शिवाय परीक्षा केंद्रांवरच्या कॉपीचा प्रश्न आहे. ज्या केंद्रावर भिंतीवरून चिठ्ठ्या येतात तिथल्या ९० टक्क्यांनी प्रामाणिक केंद्रावरच्या ८२ टक्क्यांना मागे टाकावे, हा न्याय ग्रामीण मुलाला तरी कुठे परवडतो? अमेरिकेत करोनाच्या काळात असंख्य विद्यापीठांनी सॅट ऐच्छिक केली. त्यांच्यातल्या एमआयटीने मार्च २०२२ मध्ये ती पुन्हा सक्तीची केली आणि कारण दिले ते लक्षात ठेवण्यासारखे आहे: साधनांची कमतरता असलेल्या शाळेतला हुशार मुलगा ओळखायला ही परीक्षाच उपयोगी पडते. नाव नसलेल्या महाविद्यालयातल्या मुलाजवळ स्वतःची कुवत दाखवायला सामाईक परीक्षेखेरीज दुसरे साधन नसते.

बंद करायचीच असेल तर जिथे परीक्षेची गरजच नाही तिथली करावी. २०२४ मध्ये बीबीए, बीसीए, बीएमएस या अभ्यासक्रमांना सीईटी लागू झाली. जागा लाखाच्या घरात आणि परीक्षेला बसलेली मुले त्याच्या निम्म्याच्या आसपास. मग ऑगस्टमध्ये दुसऱ्यांदा परीक्षा घ्यावी लागली आणि तरीही जागा मोठ्या संख्येने रिकाम्या राहिल्या. निवड करायचीच नसताना परीक्षा घेतली की ती फक्त एक जकात ठरते. अर्जाची मुदत चुकली किंवा अर्ज भरायचा असतो हेच कळले नाही, एवढ्यावर तालुक्याच्या गावातला मुलगा घराजवळच्या बीसीएला मुकतो. अभियांत्रिकीबद्दलही काही जण हेच म्हणतात, की जागा आता दोन लाखांच्या घरात आहेत, ज्याला हवी त्याला मिळते, मग चिंता कसली? चिंता अशी की जागा सगळ्या सारख्या नाहीत. सांगलीचे १९४७ चे वालचंद महाविद्यालय आणि कराडचे १९६० चे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय यांतल्या जागा मोजक्या आहेत, आणि त्यांच्यासाठीची चुरस अर्ध्या-अर्ध्या पर्सेंटाइलवर ठरते. रिकामी राहणारी जागा बहुधा महाग आणि दुय्यम असते. गरीब घरातल्या मुलाला तीच शिल्लक ठेवायची आणि वर जागा भरपूर आहेत असे सांगायचे, हे मला पटत नाही.

दुसरा आक्षेप शिक्षकांकडून येतो आणि तो मला अधिक महत्त्वाचा वाटतो. सीईटीची तयारी वर्गात आणली तर कनिष्ठ महाविद्यालयाचाच क्लास होईल, विषय समजून घेणे मागे पडेल, पर्याय घोटणे तेवढे उरेल, असे ते म्हणतात. भीती रास्त आहे. पण आज काय वाचले आहे? अनेक ठिकाणी अकरावी-बारावीचा विज्ञानाचा वर्ग हजेरीपटावर भरलेला आणि प्रत्यक्षात रिकामा असतो. मुले क्लासला असतात. शहरातल्या मुलांनी हजेरी न विचारणाऱ्या खेड्यातल्या महाविद्यालयात नाव घालून ठेवायचे आणि दोन वर्षे क्लासमध्ये काढायची, ही पद्धत आता कोणाला लपवावीशीही वाटत नाही. शासनाने २०१८ मध्ये मुंबई-पुण्यासह काही विभागांत विज्ञान शाखेला बायोमेट्रिक हजेरी सक्तीची केली, ती याच रोगावरचा उपाय म्हणून. पण अंगठा लावायला लावून मूल वर्गात बसत नाही. वर्गात त्याच्या गरजेचे काही मिळाले तर बसते. प्रयोगशाळेची तऱ्हा तीच. टायट्रेशन न करता, व्हर्निअर हातात न धरता प्रात्यक्षिकाचे गुण मिळतात आणि ती मुले पुढे अभियंते होतात. तेव्हा समजून शिकणे वाचवायचे म्हणून सीईटीला वर्गाबाहेर ठेवले, आणि त्या धोरणाने वर्गच ओस पडला. आता उलट बाजूने प्रयत्न करून पाहायला हवा. आठवड्याच्या तासांतले काही तास अधिकृतपणे प्रश्न सोडवण्यासाठी राखावेत आणि ते त्याच विषयशिक्षकाने घ्यावेत, म्हणजे पर्याय का बाद होतो हे सांगताना तो संकल्पनेकडेच परत येईल. चांगला शिक्षक हे रोज करू शकतो, त्याला फक्त वेळापत्रकात जागा आणि प्रश्नसंच हवा.

दोन्ही परीक्षा एकमेकींच्या जवळ आणणे हे याहून मोठे काम, पण अशक्य नाही. जेईई मेनमध्ये २०२० पासून पर्याय न देता आकड्यात उत्तर मागणारे प्रश्न आहेत. असे काही प्रश्न सीईटीत आले तर अंदाजाने खूण करण्याला किंमत उरणार नाही आणि गणित पूर्ण सोडवण्याची सवय, जी मंडळाचा वर्ग लावतोच, तिला मोल येईल. बारावीला काही भारांक देण्याचा प्रश्नही पुन्हा उघडायला हरकत नाही. २०१४ आणि २०१५ मध्ये राज्याने सीईटी सोडून जेईई मेनवर आणि सोबत बारावीच्या गुणांवर अभियांत्रिकीचे प्रवेश दिले, २०१६ मध्ये पुन्हा सीईटीकडे वळले, आणि २०२२ मध्ये सीईटी व बारावीला ५०-५० टक्के भारांक देण्याची घोषणा करून ती अंमलात आणली नाही. आता परीक्षा वर्षातून दोनदा घेण्याचे ठरले आहे. प्रत्येक बदलामागे काही विचार असेलही, पण नियम असे हलत राहिले की पालक घाबरतात, आणि घाबरलेले पालक हेच क्लासचे भांडवल असते. म्हणून जो काही भारांक ठरेल तो निदान पाच वर्षे बदलू नये आणि अकरावीत प्रवेश घेतानाच मुलाला माहीत असावा.

मोफत शिकवणी आहेच की, असे शासन म्हणेल. महाज्योतीसारख्या संस्था इतर मागासवर्गीय, भटके-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गातल्या मुलांना जेईई, नीट आणि सीईटीसाठी ऑनलाइन शिकवणी आणि टॅब देतात. ज्यांना ते मिळते त्यांना त्याचा उपयोगही होतो. पण ही योजना निवडक मुलांची आहे आणि ती शिक्षकाला वळसा घालून जाते. टॅबवर दूरच्या शहरातला शिक्षक बोलतो आणि गावातला शिक्षक, जो मुलाला नावाने ओळखतो, तो बाजूला राहतो. तोच पैसा आणि तोच प्रश्नसंच त्या शिक्षकाच्या हाती दिला तर निवड न झालेल्या मुलांनाही त्याचा लाभ होईल. त्याला एक अट आहे: तो शिक्षक जागेवर असला पाहिजे. ग्रामीण भागातल्या विज्ञानाच्या कितीतरी तुकड्या विनाअनुदानित आहेत आणि भौतिकशास्त्र, गणित तासिका तत्त्वावर शिकवले जाते. तुटपुंज्या मानधनावर राबणारा माणूस संध्याकाळी क्लास घेतो म्हणून त्याला दोष देण्यात अर्थ नाही. विज्ञान आणि गणिताची पदे भरल्याशिवाय माझे सारे म्हणणे हवेत राहील, हे मी मान्य करतो.

परिस्थितीचा विचार करून परीक्षेत सवलत देणे ही गुणवत्तेशी तडजोड आहे, असे मानणारा एक वर्ग आहे. त्यांनी २०२१ चा जुलै आठवावा. कृष्णा-वारणेला पूर आला होता आणि जेईई मेनचे सत्र चालू होते. तेव्हा केंद्र सरकारने कोल्हापूर, सांगली, सातारा आणि कोकणातल्या जिल्ह्यांतील ज्या मुलांना केंद्र गाठता आले नाही त्यांना दुसरी संधी दिली. २७ एप्रिल २०२५ च्या सीईटीत गणिताच्या २१ प्रश्नांत चुका निघाल्या, तेव्हा त्या सत्रातल्या सुमारे २७ हजार मुलांची फेरपरीक्षा ५ मे रोजी झाली. दोन्ही वेळा गुणवत्ता बुडाली असे कोणी म्हटले नाही. पाणी रस्त्यावर आले की दिसते, म्हणून आपण सवलत देतो. जत तालुक्याच्या पूर्व टोकाच्या उमदीहून सांगलीत सकाळी नऊच्या सत्राला पोहोचायचे तर शंभराहून अधिक किलोमीटर कापावे लागतात, आदल्या दिवशीच निघावे लागते. अर्धीअधिक मुले मराठी किंवा कन्नड माध्यमातून दहावी होतात आणि सीईटीतला गणिताचा पेपर फक्त इंग्रजीतून असतो. हे अडथळे दर वर्षीचे आहेत, म्हणून ते आपल्याला दिसत नाहीत. वैद्यकीय प्रवेशांत सप्टेंबर २०२० पर्यंत राज्यानेच ७०:३० असा प्रादेशिक वाटा ठेवला होता. तमिळनाडूने त्याच वर्षी सरकारी शाळांतल्या मुलांना वैद्यकीयच्या साडेसात टक्के जागा राखल्या. टेक्सासमध्ये १९९७ पासून प्रत्येक शाळेतल्या वरच्या दहा टक्के मुलांना राज्याच्या विद्यापीठात प्रवेशाची हमी देण्यात आली. त्याच धर्तीवर शासकीय व अनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांतल्या काही जागा, पाच टक्के का होईना, आपापल्या कनिष्ठ महाविद्यालयात सीईटीत वर आलेल्या ग्रामीण मुलांसाठी ठेवता येतील. गुण सीईटीचेच, फक्त तुलना समान परिस्थितीतल्या मुलांशी. नावापुरते प्रवेश घेऊन शहरातली मुले यात घुसतील, हा धोका उघड आहे. म्हणून दहावी त्याच तालुक्यातून आणि अकरावी-बारावीची खरी हजेरी, या दोन अटी त्यात हव्यात. अकरावीचे प्रवेश २०२५ पासून राज्यभर केंद्रीय पद्धतीने होत असल्यामुळे कोण कुठे शिकतो याची नोंद आता शासनाकडे आहे.

सातारा-सांगलीने यात पुढाकार घ्यावा असे मी म्हणतो, कारण इथे पाया घातलेला आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कराड तालुक्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केले. खेड्यातल्या मुलाची अडचण बुद्धीची नाही, राहण्या-जेवणाची आहे, हे त्यांनी ओळखले आणि नेमकी तीच अडचण दूर केली. आज त्या संस्थेची चारशेहून अधिक माध्यमिक विद्यालये आहेत. त्या काळी खोली आणि भाकरी कमी पडत होती, आज प्रश्नसंच, सराव आणि संगणक कमी पडतो. कराड, साखराळे, आष्टा आणि विश्रामबाग इथल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या संगणक प्रयोगशाळा रविवारी बंद असतात. त्या आसपासच्या तालुक्यांतल्या बारावीच्या मुलांना सराव परीक्षेसाठी उघडायला फार पैसा लागत नाही. दुष्काळी आणि डोंगरी तालुक्यांत, जिथे असे महाविद्यालय जवळ नाही, तिथे जिल्हा नियोजन समितीच्या निधीतून तालुक्याला एक सराव केंद्र उभारता येईल.

उच्च व तंत्रशिक्षण मंत्री चंद्रकांत पाटील हे सांगलीचे पालकमंत्रीही आहेत. सीईटी कक्ष त्यांच्या खात्यात येतो आणि जिल्हा नियोजन समितीचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आहे. त्यांनी शालेय शिक्षण विभागाला सोबत घेऊन येत्या जूनपासून या दोन जिल्ह्यांत वेळापत्रकातले सीईटीचे तास सुरू करावेत. आणि त्याच्याही आधी, यंदाचा सीईटीचा निकाल तालुकावार आणि कनिष्ठ महाविद्यालयवार जाहीर करावा. प्रत्येक उमेदवाराची नोंद कक्षाकडे आहेच. जत, माण, आटपाडी आणि पाटणची मुले नेमकी किती मागे आहेत, हे दोन्ही जिल्ह्यांतल्या पालकांना आकड्यांत कळले पाहिजे.